शेवाळाचं तळं की ब्लोअरची टाकी?

पलूसकडचा मावसभाऊ ग्रामपंचायतीत सदस्य आहे. गावचं सांडपाणी ओढ्यातून थेट कृष्णेत जातं. परवा त्याने विचारलं, "दादा, ते शुद्ध करायला शेवाळाचं तळं करावं का ब्लोअरची टाकी?" सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला बघत वाढलोय मी; प्रश्न जिवाला लागला.

आधी वीज. टाकीतल्या घाण खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, पुरवतो, आणि अशा प्रकल्पाची निम्मी-अधिक वीज बहुधा त्यातच जाते. तळ्यात हेच काम शेवाळ उन्हावर करतं. जेमतेम फूटभर खोल पाणी आणि ते हलवत ठेवणारं संथ चाक. शिवाय नत्र, स्फुरदही शेवाळ खातं.

जागेत मात्र टाकी सरस. तिथे काही तासांत होणाऱ्या कामाला तळ्यात चार ते आठ दिवस लागतात, आषाढात आभाळ भरलं की आणखी.

खरी मेहनत पाण्यातून शेवाळ वेगळं काढण्याची. ग्लासात पाणी हिरवंगार दिसतं, पण बोटाला काही लागत नाही. लिटरमागे कोरडं शेवाळ बहुधा ग्रॅमभरही भरत नाही. सुकवून तेल काढायचं म्हणजे घाट्याचा धंदा. त्यापेक्षा तळाशी बसलेलं ओलं शेवाळ शेणासोबत बायोगॅसला घालावं. टाकीच्या गाळातूनही गॅस निघतो, पण ब्लोअरचं बिल सहसा त्यात भागत नाही.

गायरान मोकळं आहे, गोठे आहेत, तिथे तळंच करा. गुंठाभर जागेसाठी भांडणं होतात अशा पेठेत, किंवा वर्षभर एकसारखं स्वच्छ पाणी सोडायचं असेल, तर टाकी. भावाला मी तळं सांगितलंय. पण गाळ काढायला कायमचा माणूस नेमणार असाल तरच.