टॅब लॉक झाला आणि सोन्याचे शब्द गेले

2024 च्या जूनमधला एक सोमवार. सकाळी साडेसातला सोन्याने टॅब माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात बोट दाबलं. तिथे 'झोका'चं चित्र असायचं, दाबलं की टॅब तो शब्द बोलायचा. आवाज आला नाही. पडद्यावर निळ्या पट्टीत एकच ओळ होती: 'आपले लायसन्स संपले आहे, नूतनीकरणासाठी संपर्क करा.' त्याने पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं, मग माझं बोट धरून त्याच कोपऱ्यावर नेलं. आईने दाबलं तर बोलेल, असं त्याला वाटलं असावं. थोड्या वेळाने तो फरशीवर डोकं आपटायला लागला.

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता आणि तोंडाने एकही शब्द बोलत नव्हता. वर्षभरात त्या टॅबवर तो चोवीस शब्द दाबायला शिकला होता. पाणी, झोका, नको, आजी, बंद कर. घरात मिक्सर लागला की 'बंद कर' दाबायचा, कानावर हात ठेवून रडायचा नाही. ते चोवीस शब्द टॅब विकणाऱ्या कंपनीने एका रात्रीत बंद केले. त्याच टॅबचे सहा हप्ते आमच्या खात्यातून अजून जायचे होते.

आम्ही नाशिकला राहतो, सातपूरला. 2023 च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी निदान सांगितलं. त्या दिवसांत रात्री सगळे झोपले की मी मोबाईलवर शोधत बसायचे. अशाच एका रात्री 'मोफत ऑटिझम चाचणी' म्हणून एक फॉर्म भरला. शेवटी नंबर मागितला होता, तो दिला. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत त्या कंपनीचा फोन. पलीकडून एक मुलगी बोलत होती, अगदी आपलेपणाने. "ताई, तुम्ही एकट्या नाही आहात. फक्त वेळ घालवू नका, पाच वर्षांच्या आत मेंदू वळतो, नंतर नाही." हे वाक्य तिने तीन वेळा म्हटलं. लवकर सुरुवात केलेली चांगली हे खरंच आहे, म्हणून तर ते मनात घुसलं. पण पाचव्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. मुलं त्यानंतरही शिकत राहतात. हे मला नंतर आमच्या स्पीच थेरपिस्टने सांगितलं.

त्या रविवारी त्यांचा माणूस घरी आला. सोन्याच्या कपाळाला एक पट्टा बांधला, दहा मिनिटं लॅपटॉपवर रेषा हलत राहिल्या, आणि मेंदूचं रंगीत चित्र निघालं. डावीकडे लाल. "मॅडम, ही बाजू झोपलेली आहे. म्हणून तो बोलत नाही." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी गप्प.

आज मला माहीत आहे की स्वमग्नतेचं निदान अशा पट्ट्याने होत नाही. ते मुलाला बघून, त्याच्या वाढीचा सगळा इतिहास विचारून होतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात, त्यातही प्रश्न आणि निरीक्षणच असतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, ही खरी तपासणी आहे, पण ती फिट येत असल्याची शंका असली की करतात. डोक्यावर बऱ्याच ठिकाणी जेल लावून तारा चिकटवतात आणि न्यूरॉलॉजिस्ट ती वाचतो.

पॅकेज होतं 84,000 रुपयांचं. टॅब, कपाळाचा पट्टा, 'एआय थेरपी' आणि आठवड्याला दोन ऑनलाइन सेशन. अठरा महिने. "सहा महिन्यांत बोलायला लागेल, लेखी देतो." 12,000 लगेच आणि बाकीचे 4,000 चे अठरा हप्ते. हप्ते म्हणजे कंपनीची फी महिन्याला देणं, असं आम्ही धरून चाललो. त्याने नवऱ्याचा मोबाईल घेतला, आधार, पॅन, मग एकामागून एक तीन ओटीपी. ते 72,000 चं कर्ज होतं, वेगळ्याच एका फायनान्स कंपनीचं. पूर्ण रक्कम विकणाऱ्याला लगेच मिळाली आणि परतफेड आमच्या नावावर राहिली. सेवा बंद पडली तरी हप्ता थांबत नाही. 'फी हप्त्याने भरा' असं कुणी म्हटलं तर आधी विचारा की हे कर्ज आहे का, कुणाचं आहे, आणि व्याज-खर्चाचा तपशील दाखवणारा कागद कुठे आहे. अशा डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सुरुवातीची थोडी मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंड न भरता बाहेर पडता येतं. आम्हाला ते कळलं तेव्हा चार महिने उलटले होते.

टॅब मात्र चालला, आणि फसवणूक कळायला उशीर झाला तो यामुळेच. चित्रावर बोट ठेवून बोलणं ही खरी, जुनी, उपयोगाची गोष्ट आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एएसी' म्हणतात. त्याने मुलाचं तोंडी बोलणं मागे पडतं ही भीती सासूबाईंनाही होती, पण तसं होत नाही. सोन्याने 'पाणी' दाबलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडले होते. कंपनीला मी मनापासून धन्यवादाचा मेसेज पाठवला होता. त्यांनी मागितले म्हणून त्याचे रडण्याचे, हात झटकण्याचे व्हिडिओसुद्धा पाठवले. ते आज कुठे आहेत, कोण बघतंय, मला माहीत नाही. पैशांपेक्षा ती गोष्ट जास्त बोचते.

पहिली शंका डिसेंबरमध्ये आली. चुलत दिराच्या लग्नाला आम्ही नऊ दिवस गावी होतो आणि टॅब घाईत घरीच राहिला होता. परत आल्यावर आठवड्याचा अहवाल आला: रोज सरासरी 40 मिनिटं सराव, 'संवाद कौशल्यात 6 टक्के वाढ'. तो टॅब कपाटात, चार्जिंग संपून पडलेला होता. मी फोन केला. "मॅडम, सिस्टीम अंदाज घेते." मग ऑनलाइन सेशन घेणाऱ्या 'थेरपिस्ट'ना त्यांचा आरसीआयचा नंबर विचारला. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजेच आरसीआयच्या, 1992 च्या कायद्याप्रमाणे स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांना केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं, आणि ते परिषदेच्या संकेतस्थळावर आपल्याला तपासता येतं. नंबर आला नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसरीच मुलगी सेशन घ्यायला लागली.

नंतर आम्ही आमच्या भागातल्या एका नोंदणीकृत स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी टॅब हातात घेतला, दोन पानं सरकवली आणि म्हणाल्या, "ही चित्रं तर आरासाकची आहेत." आरासाक हा स्पेनमधल्या आरागोन प्रांताच्या सरकारचा चित्रसंग्रह आहे. हजारो चित्रं, कुणीही फुकट उतरवून घ्यावीत अशी. मुख्य अटी अशा की श्रेय द्यायचं आणि धंद्यासाठी वापरायची नाहीत. कंपनीच्या माहितीपत्रकात तीच चित्रं 'आमच्या संशोधन विभागाची निर्मिती' म्हणून छापली होती. थेरपिस्टनीच मला 'जेलो' हे ॲप दाखवलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं, मोफत, आणि मराठीत बोलणारं. मी 84,000 रुपये देण्याआधी ते होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

तरीही आम्ही टॅब लगेच बदलला नाही. कारण मूल नुसतं चित्र ओळखत नाही, तर बोटाला जागा लक्षात राहते. आपण न बघता स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणावर हात नेतो तसं. सगळी बटणं एकदम हलवली की मूल मुकं होतं. थेरपिस्ट म्हणाल्या, हळूहळू बदलू, अजून वेळ आहे. तोंडी सांगितलेले अठरा महिने आम्ही खरे धरले होते. कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सॉफ्टवेअर परवाना बारा महिने. नूतनीकरणाचे कंपनीने 26,000 मागितले.

आम्ही दिले नाहीत. तो पूर्ण आठवडा कसा गेला ते लिहिणं अवघड आहे. सोन्याने सहाव्या दिवशी बंद टॅब आणणं सोडलं, आणि डोकं आपटण्यापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

पैशांचं सांगते. हप्ते आम्ही भरत राहिलो, कारण बाउन्स केला की दंड लागतो आणि सिबिल बिघडतं. नवऱ्याला घराच्या कर्जासाठी ते लागणार आहे. फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, तिथेही गेलो. विकणाऱ्यावर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात दावा. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनी कुठल्याही शहरात असो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. 'सहा महिन्यांत बोलेल' हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं माझ्याकडे आहे. ती छापील 'लेखी गॅरंटी' शेवटपर्यंत मिळालीच नाही. दावा अजून चालू आहे, दोनदा समोरचा वकील आला नाही.

आणि शब्दांचं. थेरपिस्टनी आणि मी मिळून पुठ्ठ्याचा एक तक्ता केला. चित्रं आरासाकवरून छापली, खाली मराठी शब्द हाताने लिहिले, वरून लॅमिनेशन. पण कुठलं चित्र कुठे होतं? आम्ही टॅबच्या पानांचे फोटो काढले नव्हते. वर्षभर रोज बघूनही मला चोवीसपैकी नऊच जागा खात्रीने आठवल्या. मग आम्ही त्याच बंद टॅबवर कोरा कागद चिकटवून सोन्यासमोर ठेवला, पाण्याचा ग्लास दाखवला आणि वाट बघितली. तो खाली डावीकडे बोट ठेवायचा, तिथे मी 'पाणी' लिहायचे. मिक्सर लावला, त्याचं बोट मधल्या ओळीत गेलं. असे दोन दिवसांत एकोणीस शब्द परत आले. उरलेले पाच त्याला कसे विचारायचे हे आम्हाला सुचलं नाही. आता तोच तक्ता फ्रिजवर, एक दप्तरात, एक आजीच्या खोलीत आहे, आणि नवऱ्याच्या जुन्या मोबाईलवर जेलो.

तुमच्या घरात असा परवान्यावर चालणारा टॅब असेल, कुठल्याही कंपनीचा, तर आज रात्री मूल झोपल्यावर त्याच्या प्रत्येक पानाचा दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून ठेवा. टॅबमध्येच स्क्रीनशॉट घेऊ नका, तो लॉक झाला की तेही आत अडकतात.