डिचोलीची खाणफेरी: विहिरीपासून सुरुवात केली हे फार बरं झालं

एका पर्यावरण गटाने गोव्यातल्या डिचोली भागात लोहखनिजाच्या खाणी दाखवणारी अर्ध्या दिवसाची फेरी सुरू केली आहे. माणशी 300 रुपये. त्यात बस, पाणी आणि शेवटी भात-खतखतं. आमच्या घरचे ट्रक खनिज वाहायचे. तरी मुलीला घेऊन गेले, आणि इतर ट्रकवाल्या घरांनीही जावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात शिरगावच्या विहिरीपासून होते. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तळाचं पाणी पंपाने सतत उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी, झरे आटतात. सांगणाऱ्या ताईंनी काठीने मातीत रेघा ओढून हे समजावलं. ‘जंगल वाचवा’चे फलक पणजीत पाहिलेत, त्यात खोटं काही नाही. पण ज्याच्या भातशेतात डंपचा, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाचा, गाळ उतरलाय, त्याच्याशी पाण्यापासूनच बोलावं लागतं. या लोकांना ते कळलंय.

सगळ्यात पटला तो पैशांचा भाग. खनिज ही सगळ्या गोंयकारांची वडिलोपार्जित ठेव. आजीचं सोनं मोडलं तर पैसे नातवंडांसाठी राहायला हवेत, अशी त्यांची मांडणी. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात खनिज विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला सांगितली, हे आमच्या बसमधल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. खाण हवी की नको यावरून आमच्या गावांत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालाय. हिशेब मागायचा म्हटलं की दोघेही एका बाजूला येतात.

एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी. त्यांच्या चित्रांत ट्रकच खलनायक. 2018 मध्ये खाणींच्या 88 लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द झालं आणि खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांच्या कर्जाचे हप्ते चालूच होते. त्याबद्दल एक शब्द नाही. उपाय म्हणून होमस्टे आणि सेंद्रिय शेती सांगतात. गाळाने भरलेलं शेत पुन्हा लावणीला आणायचं तर खर्च कोण करणार, किती पावसाळे जाणार? मी विचारलं, तर उत्तर घाईत गुंडाळलं. एखाद्या ट्रकवाल्यालाच बोलतं करा, असं त्यांना लिहून दिलंय.

जाताना बूट घाला, चपला चिखलात रुततात. शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा. डंपवरून लाल पाणी ओहोळात कसं उतरतं ते तेव्हाच दिसतं.