प्रॉडक्शन विरुद्ध क्यूसी: मीटिंग घ्यायची, माणसं बदलायची की काम एकत्र द्यायचं?

रबाळे एमआयडीसीत प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी नऊ वर्षं शिफ्ट बघतोय, आणि तुमच्याकडेही दोन डिपार्टमेंटचं फाटलं असेल तर आम्ही काय काय करून बघितलं ते सांगतो. आमच्याकडे वेळ अशी आलेली की चहाच्या टपऱ्यासुद्धा वेगळ्या, गेटच्या डावीकडची प्रॉडक्शनची आणि उजवीकडची क्यूसीची, म्हणजे माल तपासून पास-नापास करणाऱ्यांची, नवीन पोरगा चुकून भलतीकडे उभा राहिला तर त्याला हाक मारून बोलवून घ्यायचे.

सगळ्यांना एका टेबलावर बसवणं स्वस्त आणि तासाभराचं काम, म्हणून सगळे आधी तेच करतात. भांडण तापलेलं असेल तर करू नका. आमच्या मीटिंगमध्ये दोन्हीकडचे दोन-तीन बोलके तेवढे बोलले, बाकीचे मान खाली घालून बसले, आणि संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत प्रत्येक शब्द तिखटमीठ लावून फिरला. बसवायचंच असेल तर ब्लेक आणि माउटन या अमेरिकन मॅनेजमेंट अभ्यासकांची १९६० च्या दशकातली पद्धत बरी. आधी दोन्ही गट वेगळ्या खोल्यांत, आम्ही कसे आणि समोरचे कसे हे कागदावर लिहायचं, मग कागद बदलायचे आणि सुरुवातीला फक्त समजून घेण्यापुरते प्रश्न विचारायचे. गप्प माणसाचंही म्हणणं त्यात येतं. पण याला दिवस-दोन दिवस लागतात, आणि गेटवर ट्रक उभा असताना ते कुठून काढायचे?

माणसं अदलाबदल करणं हळू चालतं, पण आत मुरतं. क्यूसीतली एक मुलगी महिनाभर लाइनवर होती, मशीन चालू केल्यावर किंवा रंग बदलल्यावर पहिले काही शॉट, म्हणजे साच्यातून एकेका वेळी निघणारे नग, खराबच निघतात हे तिने स्वतः क्रेट उचलून बघितलं, आणि ते बाजूला काढायला ऑपरेटरला किती कमी वेळ मिळतो तेही. फक्त एकट्यालाच पाठवू नका, परत आल्यावर त्याला फितूर म्हणतात. दोघं-दोघं पाठवा.

माझं मत मात्र एकत्र कामाच्या बाजूने आहे. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून २२ शाळकरी मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात सामने लावले, पोरं एकमेकांच्या जिवावर उठली. मग एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तरी भांडणं सुरूच, ताटातलं अन्न फेकून मारलं. पाणी बंद पडलं, गाडी अडकली, म्हणजे दोघांनी मिळून केल्याशिवाय सुटणार नाही अशी कामं आली तेव्हा कुठे हळूहळू निवळलं. आमच्या साहेबांनी एकोपा वाढावा म्हणून प्रॉडक्शन विरुद्ध क्यूसी क्रिकेट मॅच ठेवली होती, त्यानंतर महिनाभर नुसती धुसफूस.

खरं कारण आकड्यात होतं. प्रॉडक्शनला किती नग काढले त्यावर शाबासकी आणि क्यूसीला किती रिजेक्ट पकडले त्यावर, म्हणजे एकाचं चांगलं झालं की दुसऱ्याचं वाईट होणारच! आता फळ्यावर एकच आकडा, पहिल्या फटक्यात पास झालेले लॉट, खाली दोघांची नावं. होल्डचा, म्हणजे माल अडवून ठेवण्याचा, लाल टॅग मशीनपाशी उभं राहून दोघांच्या सहीने लागतो. टपऱ्या अजून वेगळ्याच आहेत, पण टॅगवरून आरडाओरडा जवळजवळ थांबलाय.

शिवीगाळ झाली असेल, हात उचलला असेल, जात-धर्म-भाषेवरून बोललं गेलं असेल तर वरचं काहीच आधी नको. लेखी तक्रार, एचआर, चौकशी, आणि चौकशी करणारा त्या दोन गटांतला नसावा.

एकत्र आकड्याचा एक धोका आहे, तो आम्ही आधी ओळखला नाही. दोघांची नावं एका आकड्याखाली आली की क्यूसी सैल पडायला लागते, थोडं चालवून घ्या म्हणतात आणि माल निघून जातो. म्हणून गिऱ्हाइकाकडून परत आलेला प्रत्येक लॉट आता त्याच फळ्यावर, त्याच दोन नावांपुढे लिहितो.