मीटर वाजला म्हणून चांगला मायक्रोवेव्ह भंगारात देऊ नका

पुण्यातल्या एका सोसायटीत ‘मोफत किचन सेफ्टी तपासणी’ म्हणून दोन विक्रेते घरोघर फिरले. हातात रेडिएशन मोजणारा मीटर, पिशवीत इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांनी तापवणारी विजेची शेगडी. चालू मायक्रोवेव्हच्या दाराशी मीटर धरला की तो बीप-बीप करतो, लाल दिवा लागतो. मग शेगडी लालबुंद होईपर्यंत तापवायची आणि तोच मीटर तिच्याजवळ न्यायचा. मीटर गप्प. “बघा ताई, यात रेडिएशनच नाही!” तीन घरांनी धडधाकट मायक्रोवेव्ह ‘एक्स्चेंज’मध्ये पाचशे रुपयांत देऊन टाकले आणि दुकानात अडीच हजारांच्या आसपास मिळणारी शेगडी साडेनऊ हजारांना घेतली. पावती मागितली तर “व्हॉट्सअॅपवर पाठवतो” म्हणाले. ती आली नाही आणि नंबर बंद झाला.

या प्रयोगात मीटर खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. बाजारात मिळणारे स्वस्त आरएफ (रेडिओ लहरी मोजणारे) मीटर साधारण 50 मेगाहर्ट्झ ते 3.5 गिगाहर्ट्झ एवढाच पट्टा पकडतात. घरगुती मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, तरंगलांबी सुमारे 12 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. लाल झालेली शेगडी जे अवरक्त किरण फेकते त्यांची तरंगलांबी 2.5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. वारंवारिता सुमारे 1 लाख 20 हजार गिगाहर्ट्झ! मीटरला ती कळूच शकत नाही. वजनकाट्यावर ताप मोजावा तसला हा प्रकार.

खात्री करायची असेल तर विक्रेत्यासमोरच करा. तवा गॅसवर चांगला तापवा, गॅस बंद करा आणि आरएफ मोडवरचा मीटर तव्यापासून वीतभर अंतरावर धरा. गालाला धग लागते, ते अवरक्त किरणच, पण मीटर ढिम्म. मग तोच मीटर वायफाय राउटरजवळ न्या, लगेच ओरडायला लागेल. राउटर काही कोणी फेकून देत नाही.

आता ‘रेडिएशन’ या शब्दाची भीती. अवरक्त आणि मायक्रोवेव्ह हे दोन्ही विद्युतचुंबकीय प्रारण, म्हणजे रेडिएशनच. क्ष-किरणांसारखे अणूंतून इलेक्ट्रॉन उपटून काढण्याची ताकद दोघांतही नाही. त्यासाठी साधारण 10 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) लागतात. मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रारणाच्या एका कणात, 0.00001, तर शेगडीच्या अवरक्त फोटॉनमध्ये सुमारे 0.5. विक्रेत्याचंच तर्कशास्त्र धरलं तर त्याची शेगडी पन्नास हजार पट ‘जास्त रेडिएशन’वाली ठरते. दोन्हींचं काम एकच, तापवणं. फरक खोलीचा आहे: मायक्रोवेव्ह पदार्थात एक-दोन सेंटिमीटर शिरतात, अवरक्त किरण पृष्ठभागावरच अडतात. म्हणून शेगडी आधी भांडं तापवते आणि ते भांडं पदार्थ शिजवतं. ती मायक्रोवेव्हची जागा घेऊच शकत नाही. शिवाय 2000 वॉटच्या शेगडीला 15 अँपिअरचं सॉकेट लागतं आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ हात भाजेल इतकी गरम राहते. लहान मुलं असलेल्या घरात हा धोका खराखुरा आहे, आणि विकताना नेमकं हेच सांगितलं जात नाही.

दुसरी युक्ती फोनची. चालू नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मोबाइल ठेवून, दार लावून रिंग देतात, तो वाजतो आणि ‘बघा गळती’ म्हणतात. फोनला वॉटच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी क्षीण सिग्नल पुरतो. ओव्हनने सिग्नल लाख पटींनी कमी केला तरी टॉवर जवळ असेल तर फोन वाजणारच. यावरून गळतीचा काहीही पत्ता लागत नाही.

तिसरी, ‘अँटी-रेडिएशन स्टिकर’. ओव्हन कमी पॉवरवर किंवा डिफ्रॉस्टवर लावतात. ओव्हनमध्येच इन्व्हर्टर (पॉवर कमी-जास्त करणारं सर्किट) नसलेल्या मॉडेलमध्ये तेव्हा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद चालू, काही सेकंद बंद होतो. दिवा, पंखा आणि फिरती थाळी मात्र चालूच राहतात. घुमण्याचा आवाज हलका झाला की स्टिकर चिकटवायचा. मीटरचा आकडा शून्यावर येतो आणि स्टिकर विकला जातो. खरं काय ते बघायचं तर ओव्हन पूर्ण पॉवरवर लावून पाणी भरलेलं भांडं आत ठेवा, मग स्टिकर लावून आणि काढून, मीटर एकाच जागी धरून, आकडे बघा.

गळतीची काळजी करायचीच तर दाराची करा. आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा ओव्हनपासून 5 सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉट अशी आहे. अर्ध्या मीटरवर गळती त्याच्या जवळपास शंभराव्या भागाएवढी उरते. दाराच्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची असतात, 12 सेंटिमीटरची लहर त्यातून जात नाही, उजेड जातो. बिजागरी सैल झाली, दार वाकलं, कडेला तेलकट थर साचून ते नीट बसेना, किंवा जाळी फाटली, तर ओव्हन वापरणं थांबवा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला बोलवा. कव्हर स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये (विजेचा भार साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा भार उरू शकतो.

मायक्रोवेव्हवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असतो, ‘आर-’ने सुरू होणारा; ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो तपासता येतो. 2021 च्या थेट विक्री (डायरेक्ट सेलिंग) नियमांत थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न ठरवता घरी येणं बसत नाही. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहार क्रमांक, शेगडीवरच्या लेबलचा फोटो आणि विक्रेत्याचे मेसेज जपून ठेवा, कारण पावती नसताना हाच पुरावा उरतो.