पट्ट्याआधी पाय: कोथरूडमधील एका कराटे वर्गाविषयी

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका शाळेच्या सभागृहात शोतोकान शैलीचा कराटे वर्ग आठवड्यातून तीन दिवस भरतो. वर्गाचा फलक कोठेही लावलेला नाही आणि परिसरात तो ‘सरांचा वर्ग’ म्हणूनच ओळखला जातो. माझी मुलगी संध्याकाळी मुलांच्या बॅचला जाते आणि मी स्वतः सकाळी प्रौढांच्या बॅचला जाते. मुलांसाठी वर्ग शोधणाऱ्या पालकांना आणि चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून येथील शिकवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

या वर्गातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची वही. महिन्याच्या सुरुवातीला सर तिच्यात एकच ओळ लिहितात आणि ती दुरुस्ती अंगवळणी पडेपर्यंत पुढची ओळ लिहिली जात नाही. माझ्या वहीत पहिली ओळ होती, ‘झेनकुत्सु दाचीत मागची टाच उचलली जाते.’ या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले असावे लागतात. सरांनी फरशीवर खडूने दोन समांतर रेघा आखल्या, खांद्याच्या रुंदीइतके अंतर ठेवून माझी पावले त्यांवर ठेवायला लावली आणि मागच्या टाचेखाली कागदाचा कपटा सरकवला. टाच उचलली गेली की ते कपटा सहज ओढून घेत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, त्यामुळे घोटा पुरेसा वाकत नाही आणि टाच वर येते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि घरी भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम दिला. काही आठवड्यांनी कपटा टाचेखाली अडकून राहू लागला, आणि त्याच सुमारास माझ्या ओई झुकीत, म्हणजे पाऊल पुढे टाकत मारायच्या ठोशात, प्रथमच जोर आला. ठोशाची ताकद टाचेपासून कमरेतून वर चढते, हे तोपर्यंत मी केवळ ऐकले होते.

पट्ट्यांच्या बाबतीत येथील धोरण अनेक पालकांना सुरुवातीला कडक वाटते. वहीतील ओळी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही परीक्षेला बसवले जात नाही. आमची मुलगी पूर्वी ज्या वर्गात जात असे, तेथे दर तीन महिन्यांनी परीक्षा जाहीर होई, शुल्क भरले जाई आणि बसलेले सर्व जण उत्तीर्ण होत. ती पिवळा पट्टा घेऊन येथे आली तेव्हा हेइआन शोदान या पहिल्या काताचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचा, क्रम तिला मुखोद्गत होता, मात्र पहिल्याच हालचालीत आपण डावीकडे का वळतो, हे तिला सांगता येत नव्हते. सरांनी एका मोठ्या मुलाला तिच्या डाव्या बाजूला उभे करून सावकाश लाथ मारायला सांगितले. ती वळली, गेदान बराईने, म्हणजे हात खाली झटकून, तिने लाथ बाजूला सारली आणि त्यानंतर तो काता ती वेगळ्याच आत्मविश्वासाने करू लागली. नारंगी पट्ट्यासाठी तिला बरेच थांबावे लागले, तरी तिची तक्रार नव्हती. अस्वस्थ होतो ते आम्ही पालक.

प्रवेशाच्या वेळी सर पालकांना थोडा इतिहासही सांगतात. दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणी, मूळच्या ज्युदोतील. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात त्या सुरू केल्या, आणि शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये त्या कराटेत आणल्या. हेइआन नावाने शिकवले जाणारे पाच काता मात्र त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, जपानमधील ओकिनावा बेटावरील शाळकरी मुलांसाठी कराटे शिक्षक आंको इतोसु यांनी रचले. त्यांची चढण पाहण्यासारखी आहे: शोदानमध्ये एकही लाथ नाही, मुख्यतः अडवणे, वळणे आणि ठोसे आहेत, लाथा दुसऱ्या, नीदानमध्ये येतात आणि उडी थेट पाचव्या, गोदानमध्ये. म्हणजे पायरीपायरीने पुढे जाण्याची शिस्त या विद्येच्या रचनेतच आहे, आणि हा वर्ग तिला धक्का लावत नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे श्रेय वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढतीचा सराव, येथे कमी होतो. ज्यांना स्पर्धांमध्ये उतरायचे आहे, त्यांना दुसरा वर्ग जोडीला घ्यावा लागेल. सभागृहाची फरशी शहाबादी असल्याने पावसाळ्यात ओल धरते आणि अनवाणी वळताना पाय घसरतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी किबा दाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवण्याच्या पवित्र्यात, किती खाली बसायचे, हे सरांशी आधीच बोलून ठरवावे. त्यांच्याकडे प्रत्येकासाठी वेगळी उंची ठरवण्याइतका संयम आहे, पण दुखणे आपणहून सांगावे लागते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव चालतो आणि सूचना ऐकू येत नाहीत. त्या काळात पथकात वाजवणाऱ्या मुलांना सर सकाळच्या बॅचला येऊ देतात, आणि त्यांच्या वहीतील ओळ तशीच पुढच्या महिन्यात नेतात.

मासिक शुल्क १२०० रुपये आहे. परीक्षेचे शुल्क वेगळे, आणि ते परीक्षेला बसवले गेल्यावरच द्यायचे असते. गणवेश पहिल्या महिन्यात घेण्याची सक्ती नाही, ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एक पूर्ण तास बसून पाहावे, असा सरांचा आग्रह असतो आणि तो पाळावा, कारण आपल्या मुलाला एकाच पवित्र्यावर महिनाभर काम करायला लावणारा शिक्षक आपल्याला हवा आहे का, हे त्या तासात कळते. मुलांच्या बॅचमध्ये सध्या जागा मिळायला वेळ लागतो. प्रौढांसाठी सकाळी साडेसहाच्या बॅचमध्ये जागा आहे.