जुना डिटेक्टर देऊन नवा घेताना: व्हिक्टोरियातील एका फसवणुकीची हकिकत

सोने शोधण्याचा छंद असलेल्या आणि जुना मेटल डिटेक्टर बदलून नवा घ्यावा की नाही या विचारात असलेल्या मेलबर्नमधील मराठी मंडळींसाठी ही हकिकत लिहीत आहे. माझ्याजवळचा माइनलॅब कंपनीचा जीपीएक्स ४५०० हा डिटेक्टर देऊन आणि वर साडेतीन हजार डॉलर मोजून मी त्याच कंपनीचा जीपीएक्स ६००० घेतला. प्रत्यक्षात घरी आली ती त्याची हुबेहूब दिसणारी नक्कल. विकणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे. मात्र त्याने हा व्यवहार ज्या पद्धतशीरपणे घडवून आणला ती पद्धत सविस्तर सांगितल्याखेरीज नेमके कशापासून जपायचे हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

ज्यांना या छंदाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. व्हिक्टोरियात १८५१ मध्ये सोन्याचा शोध जाहीर झाला आणि मेलबर्नच्या वायव्येकडील डनॉली, टार्नागुल्ला, मॉलिॲगुल, वेडरबर्न या गावांच्या परिसराला पुढे 'गोल्डन ट्रँगल' हे नाव पडले. आजही 'माइनर्स राइट' नावाचा परवाना काढून, ठरावीक सरकारी जमिनींवर हातातल्या साध्या अवजारांनी सोने शोधता येते. खणलेला खड्डा पुन्हा बुजवायचा, एवढी शिस्त पाळावी लागते. शनिवार-रविवारी रानात हिंडण्याचे निमित्त म्हणून बरेच जण याकडे वळतात. त्यात २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० अमेरिकी डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा गुंजभर कणालाही मोल आले आणि जुन्या डिटेक्टरच्या खरेदी-विक्रीलाही जोर चढला. भामटे नेमके अशाच वेळी पुढे येतात.

माझे जुने यंत्र नादुरुस्त नव्हते. जीपीएक्स ४५०० हे दणकट यंत्र आहे, पण त्याची बॅटरी वेगळी असते, ती पाठीवर बांधावी लागते आणि तिथून एक गुंडाळीची वायर यंत्रापर्यंत येते. झुडपांतून चालताना ती वायर फांद्यांत अडकते आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. २०२१ मध्ये आलेला जीपीएक्स ६००० याच्या उलट: वजन सुमारे २.१ किलो, बॅटरी यंत्रालाच जोडलेली, जमिनीशी जुळवून घेण्याचे काम बरेचसे आपोआप होणारे, आणि उथळ जमिनीतील अगदी बारीक कण टिपण्यात तर तो नावाजलेलाच. नवा घ्यायचा तर आठ-नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची तयारी हवी. त्यामुळे 'जेमतेम वापरलेला, जुना डिटेक्टर बदल्यात घेतला जाईल' अशी जाहिरात दिसल्यावर चौकशी करण्यात वावगे काही नव्हते. मागितलेली किंमत एकूण पाच हजार होती आणि त्यात माझ्या यंत्राचे दीड हजार धरले जाणार होते. ही किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. निम्म्याहूनही कमी मागितले असते तर कोणीही दचकला असता, हे त्याला पुरते ठाऊक होते.

गृहस्थ बोलायला अतिशय सभ्य. नोकरीनिमित्त पश्चिम ऑस्ट्रेलियात जात असल्याने सामान कमी करतो आहे, असे त्याने सांगितले. अधिकृत दुकानाच्या पावतीची प्रत दाखवली. पावतीवरचा अनुक्रमांक आणि यंत्रावरच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक जुळत होता. मग त्यानेच सुचवले, की तोंडी कौतुक ऐकून निर्णय घेऊ नका, दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून ताडून पाहा. या सूचनेमुळे त्याच्यावरचा माझा विश्वास दुणावला. सगळी ग्यानबाची मेख तिथेच होती.

त्याच्या घरामागे बांधकामासाठी आणलेल्या वाळूचा थर पसरलेला होता. त्यात त्याने वीतभर खोल एक नगेट, म्हणजे सोन्याचा नैसर्गिक गोळा, पुरले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्ही यंत्रे 'मूळ मांडणीवर' आणतो असे म्हणून माझा डिटेक्टर त्याने हातात घेतला, दोन-तीन खटके फिरवले, मेनूत जाऊन काही बदलले आणि स्वतःचा हेडफोन जोडून तो मला परत दिला. नगेटवरून कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची तबकडी, फिरवली तेव्हा ऐकू आला तो इतका दबका आवाज, की रानात वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो विरून गेला असता. त्याचे यंत्र फिरवले तर खणखणीत आवाज. माझ्याबरोबर आलेल्या मित्राने हा सगळा प्रकार मोबाइलवर चित्रित केला, तो केवळ हौस म्हणून. पुढे मात्र त्या चित्रफितीचा फार उपयोग झाला. चित्र मोठे करून पाहिल्यावर माझ्या यंत्राच्या दर्शनी पट्टीवरचा कॉइलचा खटका स्पष्ट दिसला. हा खटका कॉइलच्या जातीप्रमाणे ठेवायचा असतो. माझी कॉइल 'मोनो' जातीची होती आणि खटका मात्र 'कॅन्सल'वर होता, जो 'डबल डी' या दुसऱ्या जातीच्या कॉइलसाठी असतो. मेनूत त्याने काय केले ते चित्रात दिसत नाही. पण आवाज ज्या प्रकारे बसला होता त्यावरून रिसीव्हरचा गेन, म्हणजे येणारा संकेत वाढवण्याचे प्रमाण, अगदी तळाला नेला असणार, असे पुढे एका जाणत्याने सांगितले.

आता वाळूचे महत्त्व सांगतो, कारण या व्यवहाराचे मर्म त्यात आहे. या जातीचे डिटेक्टर कॉइलमधून विजेचे जोरदार ठोके सोडतात आणि प्रत्येक ठोका एकदम तोडतात. तो तुटला की जवळच्या धातूत क्षणभर भोवरे-प्रवाह निर्माण होतात व हळूहळू विरतात. त्या विरण्याची चाहूल यंत्र घेते. ही मूळ युक्ती अवघड नाही, साध्या विद्युत मंडलानेही ती साधते. अवघड आहे ते निराळेच. गोल्डन ट्रँगलमधील लालसर माती लोहयुक्त खनिजांनी भरलेली असते, तीत आयर्नस्टोन या लोहयुक्त दगडाचे खडे असतात आणि ही जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देत राहते. जमिनीचा तो कोलाहल वजा करून त्याखालचा सोन्याचा क्षीण आवाज वेगळा काढणे हे खरे कसब, आणि हजारो डॉलर मोजायचे ते त्यासाठी. धुतलेल्या बांधकामाच्या वाळूत हा कोलाहल जवळजवळ नसतो. तिथे नक्कलही खणखणीत वाजते. किंबहुना तिथे तिला वाजण्यावाचून दुसरे काही करायचेच नसते.

निघताना त्याने आणखी एक पाचर मारून ठेवली. जीपीएक्स ६००० च्या अंगच्या स्पीकरमुळे यंत्रात गडबड होते, म्हणून हेडफोन वापरावा, असे अनुभवी मंडळी सांगतात आणि ते खोटे नाही. त्याने हीच गोष्ट आधी सांगून टाकली, वर 'सुरुवातीला थोडा आरडाओरडा करेल, घाबरू नका' अशी समजूतही घातली. एखाद्या खऱ्या दोषाची आड घेऊन खोटा माल कसा खपवावा, याचा हा नमुना होता. मॉलिॲगुलजवळच्या लाल जमिनीवर यंत्र सुरू केल्यावर ते जे केकाटायला लागले ते थांबेना. जमिनीशी जुळवून घेण्याचे बटण दाबा किंवा न दाबा, फरक शून्य. पायाजवळ ठेवलेली शिशाची गोळी चार बोटांवरून वाजे, त्यापुढे सगळा गोंगाटच. तरीही त्याने आधीच पेरून ठेवलेल्या वाक्यामुळे संशय यंत्रावर न जाता हेडफोनवर गेला. फोन केला तेव्हा त्याने सौजन्याने आठवडाभर थांबायला सांगितले, यंत्राची आतली प्रणाली अद्ययावत करून देतो म्हणाला. त्या आठवड्यात त्याचा नंबर बंद झाला आणि माझा जुना डिटेक्टर 'नुकताच सर्व्हिसिंग केलेला' म्हणून दुसऱ्या जाहिरातीत झळकला. किंमत तीन हजार. म्हणजे त्याने मला दाखवलेली दीड हजारांची दर्यादिलीही बेगडीच निघाली.

यंत्र नकली असल्याची खात्री पटायला विशेष काही लागले नाही. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असतो. त्याला यंत्र टांगल्यावर मूळ वजनापेक्षा जवळपास पाऊण किलो जास्त भरले. दांडी कार्बन फायबरची असायला हवी होती. जोडाच्या आतल्या कडेला, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, नखाने खरवडल्यावर काळा रंग निघाला आणि खाली अ‍ॅल्युमिनियम चकाकले. मग अधिकृत विक्रेत्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी कॉइल काढून जोडणीकडे नुसती नजर टाकली आणि मान हलवली. अनुक्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच कोणाच्या, रीतसर नोंदणी झालेल्या यंत्राचा. बहुधा त्या बिचाऱ्याने कधीतरी विक्रीसाठी टाकलेल्या छायाचित्रातून तो उचलला गेला असावा. आपले यंत्र विकायला काढताना चिकटपट्टीचा फोटो स्पष्ट दिसेल असा टाकू नये, ही सूचना त्यांनी दिली. या छंदातल्या जुन्या जाणत्यांकडूनही ती मी कधी ऐकली नव्हती.

कायद्याच्या बाजूने काय हाती लागते, तेही सांगतो. दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याची जी हमी मिळते, त्यातली मालाच्या दर्जाची हमी एका खासगी माणसाने दुसऱ्याला केलेल्या विक्रीला सहसा लागू होत नाही. खोट्या बोधचिन्हाचा माल विकणे हा १९९५ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, पण त्यासाठी आधी माणूस सापडायला हवा. मी काही रक्कम रोख दिली होती आणि उरलेली बँकेतून वळती केली होती. ते खाते त्याच्या सांगितलेल्या नावावर नव्हतेच. बँकेला त्याच दिवशी कळवणे आणि पोलिसांत तक्रार देणे हे करावेच. त्याखेरीज फसवणुकींची नोंद घेणाऱ्या स्कॅमवॉच या सरकारी सेवेकडेही नोंद करावी. त्याने पैसे परत येत नाहीत, पण एकाच माणसाच्या अनेक जाहिराती एकत्र जुळवायला यंत्रणेला मदत होते.

आता मूळ प्रश्न, नवा डिटेक्टर घ्यावा की नाही. या प्रकरणाने माझे मत फारसे बदललेले नाही, फक्त ते अधिक स्पष्ट झाले आहे. बारीक, उथळ सोन्याच्या मागे असाल आणि वजनाचा त्रास होत असेल तर जीपीएक्स ६००० उत्तमच. खोलवरचे मोठे नगेट हा ज्यांचा ध्यास आहे त्यांना जुन्या ४५०० किंवा ५००० वर मोठी कॉइल लावूनही चांगले काम करता येते. मेरीबरो गावात कॉइलटेकसारखे कॉइल बनवणारे आहेत आणि कॉइल बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या मानाने किरकोळ असतो. १९८० मध्ये किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना २७.२ किलोचे 'हँड ऑफ फेथ' हे नगेट सापडले ते त्या काळच्या गॅरेट डिटेक्टरने, ज्याला आज कोणी हातही लावणार नाही. यंत्र नवे की जुने, यापेक्षा ते कोणत्या जमिनीवरून फिरते आणि ते चालवणाऱ्याला त्याचे खटके किती कळतात, याला अधिक महत्त्व आहे.

घ्यायचाच ठरला आणि तोही वापरलेला, तर तुलना विकणाऱ्याच्या अंगणात करू नये. त्याला लाल जमिनीवर बोलवावे. तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच व्यवहार सोडावा. आपल्या यंत्राचे खटके आपल्याखेरीज कोणाला फिरवू देऊ नयेत, पुरायचा नमुना आपल्या खिशातला असावा आणि हेडफोनही आपलाच असावा. पावती दाखवली गेली तर पावतीवरचा फोन नंबर न वापरता दुकानाचा नंबर स्वतः शोधून तिथे अनुक्रमांकाची खात्री करावी. शक्य असेल तर पैशांची देवघेव एखाद्या विक्रेत्याच्या काउंटरवरच करावी. खरा मालक असेल तर याला नाही म्हणत नाही. आणि जुने यंत्र नव्याच्या मोबदल्यात कधीही त्याच माणसाला देऊ नये. ते आधी वेगळे विकावे किंवा नवे महिनाभर वापरून मग विकावे, कारण जुने हातात राहिले की निदान ताडून पाहायला एक खरे यंत्र जवळ असते.

माझा जीपीएक्स ४५०० अजून कोणाच्या तरी हाती फिरतो आहे. त्याच्या आर्मरेस्टच्या डाव्या बाजूला निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे, बॅटरीच्या वायरीवर प्लगजवळ मी स्वतः घातलेली काळी रबरी नळी आहे, आणि खालच्या दांडीवर तारेच्या कुंपणाने पडलेला तिरका ओरखडा आहे. अशा खुणांचे यंत्र कोणाला विकत देऊ केले गेले तर विकत घेण्यापूर्वी व्हिक्टोरिया पोलिसांना कळवावे.