मर्क्युरीचे शिरस्त्राण: डोक्याच्या मापाचे, पण नळ्यांत अडकलेले

अमेरिकेने १९५९ मध्ये मर्क्युरी या अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांना सरावासाठी, उड्डाणासाठी आणि राखीव म्हणून प्रत्येकी तीन पोशाख दिले गेले. नौदलाच्या मार्क ४ या दाबपोशाखात (उंचावर अंगाभोवती हवेचा दाब टिकवणाऱ्या पोशाखात) फेरफार करून ते बी. एफ. गुडरिच कंपनीने बनवले होते. त्यांतील शिरस्त्राण बाहेरून पाहताना वैमानिकाचेच वाटते; त्याची खरी पारख आतून करावी लागते.

कवच राळेत भिजवलेल्या फायबरग्लासचे, कडक आहे. अस्तर मात्र ज्याच्या त्याच्या डोक्याबरहुकूम साच्यात घडवलेले आणि जोराचा आघात झालाच, तर स्वतः चुरगळून तो पोटात घेईल असे आहे. अमेरिकेतील जॉन्सव्हिल येथील अपकेंद्री यंत्रात, म्हणजे माणसाला वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रात, सराव करताना डोके नेहमीच्या कित्येक पट जड होई, आणि अशा वेळी कानामागे टोचणारा लहानसा उंचवटाही असह्य झाला असता. म्हणून या शिरस्त्राणातली सर्वांत मोलाची गोष्ट मी अस्तरालाच मानतो. दोन मायक्रोफोन आणि दोन कर्णध्वनी यांच्या तारा वेगवेगळ्या ठेवण्यातही हीच काळजी दिसते.

समोरची काच प्लेक्सिग्लासची आहे. ती खाली ओढल्यावर कडेची पट्टी वायूच्या दाबाने फुगते आणि फट बुजते. यानाच्या कक्षातच प्राणवायू असल्याने उड्डाणात काच उघडी ठेवता येई. २० फेब्रुवारी १९६२ रोजी या सातांपैकी जॉन ग्लेन यांनी ती वर करूनच नळीतला सफरचंदाचा गर खाल्ला.

सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन यांच्या पोशाखाचे शिरस्त्राण सुटे होत नसे; हे गळ्यातल्या कड्यापाशी सुटते, ही मोठी सोय. परंतु प्राणवायू धडाशी आत येऊन अंगभर फिरतो आणि शिरस्त्राणाच्या नळीतून बाहेर पडतो, ही मांडणी मला सदोष वाटते, कारण त्यामुळे माणूस डोक्यानेच यानाला बांधला जातो. २१ जुलै १९६१ रोजी समुद्रात उतरल्यावर सातांपैकीच गस ग्रिसम यांना आधी ही नळी काढावी लागली, मग शिरस्त्राण पोशाखापासून सोडवावे लागले, पट्टे सोडावे लागले आणि पाणी शिरू नये म्हणून गळ्याची रबरी पट्टी वर गुंडाळावी लागली. यानाच्या दाराचे झाकण अचानक उडाले तेव्हा ही सारी कामे उरकलेली होती, म्हणून शिरस्त्राण टाकून ते तत्काळ बाहेर पडू शकले. पुढे जेमिनी या नंतरच्या अमेरिकी मोहिमेच्या पोशाखात प्राणवायूच्या दोन्ही नळ्या धडावरच जोडल्या गेल्या.